पोरगं बाहेर खेळायला निघालं? आधी त्याची फाईल बांधा

आमच्या सोलापुरात पोरगं स्टेटला नायतर नॅशनलला सिलेक्ट झालं की घरात लगीनघाई सुरू होते, आई शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधायला घेते, बाप नवीन बॅग आणतो, मामा शूज घेऊन देतो, गल्लीतली पोरं बॅनर लावतेत, आणि औषधपाण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "तिथं डॉक्टर असतोयच की ओ सर." असतो डॉक्टर. पण त्याला तुमचं पोरगं माहीत नसतंय. पेनिसिलीन चालत नाही, लहानपणी दमा होता, मागच्या वर्षी गुडघ्याचं काय झालं होतं, हे त्याला कोण सांगणार?

मी स्वतः डॉक्टर नाही. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर सकाळी पोरं पळवतो आणि टीम निघाली की मॅनेजर म्हणून सोबत जातो, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते मॅनेजरच्या नजरेतनं. कुठलं औषध घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरला विचारा, पण डॉक्टरला काय विचारायचं ते इथं वाचा.

पहिलं काम, फाईल

साधी प्लास्टिकची फाईल घ्या, नव्या पेठेत कुठंपण मिळते. त्यात रक्तगट, कशाची ॲलर्जी, जुन्या दुखापतींचे रिपोर्ट (एमआरआयची नुसती सीडी नको, छापील रिपोर्टपण पाहिजे, सीडी उघडायला आता कुणाकडं ड्राईव्ह नसतोय), लसींचा कागद, चालू औषधं आणि घरच्या दोघांचे नंबर. सगळ्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एक सेट आईबापाकडं आणि एक मॅनेजरकडं.

औषधाचं नाव लिहिताना ब्रँड लिहून भागत नाही, गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात जे मूळ नाव असतंय ते लिहा. आपण क्रोसिन म्हणतो ती पॅरासिटामॉल, आणि अमेरिकेत त्याच पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतेत. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिकडं अल्ब्युटेरॉल. आता विचार करा, १६ वर्षांचं पोरगं रात्री ११ वाजता परक्या गावच्या मेडिकलमध्ये उभं राहून "ती निळी गोळी" म्हणाल्यावर दुकानदार काय देणार. डॉक्टरकडनं इंग्रजीत टाईप केलेलं पत्र घ्या, हाताने लिहिलेलं आपल्यालाच वाचता येत नाही, तिकडच्यांना काय येणार.

एकदा आमच्या टीममधल्या पोरीला अंगावर पित्त उठलं, तिथल्या डॉक्टरनं विचारलं आधी कुठल्या औषधानं असं झालंय का, पोरगी म्हणाली नाही, मीपण मान हलवली. रात्री आईला फोन केल्यावर कळलं की तिला लहानपणी सल्फाच्या गोळीनं असंच झालं होतं. नशीब, तोवर तसलं काही दिलेलं नव्हतं. तेव्हापासनं माझ्या टीममध्ये फाईल नसेल तर गाडीत बसायचं नाही, मग रडा नायतर आमदाराचा फोन आणा.

दुसरं, खरीखुरी तपासणी

फिटनेस सर्टिफिकेट म्हणजे आपल्याकडं एक सही आणि एक शिक्का, स्टेथोस्कोप गळ्यातच राहतो. इटलीत असं चालत नाही. तिथं १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला तपासणी आणि ईसीजी सक्तीचा आहे, त्याशिवाय मैदानात पाऊल ठेवू देत नाहीत. इटलीतल्याच व्हेनेतो भागातल्या २००६ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंचे अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू जवळपास ८९ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत मात्र सगळ्यांना सरसकट ईसीजी करत नाहीत, तिथं घरच्या इतिहासाचे प्रश्न आणि अंगाची तपासणी यावर भर असतो, त्यांचं म्हणणं ईसीजीत खोटे इशारे लई निघतेत आणि चांगल्या पोरांचं खेळणं उगाच थांबतं. दोन्ही बाजूंचे डॉक्टर वर्षानुवर्षं भांडायलेत.

ख्रिश्चन एरिक्सनचं आठवतंय का, डेन्मार्कचा फुटबॉलपटू, १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये मॅच चालू असताना कोसळला, मैदानावरच शॉक देऊन त्याचं हृदय चालू केलं. नंतर छातीत आयसीडी, म्हणजे हृदय बिघडलं की आतूनच शॉक देणारं यंत्र, बसवलं, तर इटलीचा नियम आड आला, ते यंत्र असताना तिथल्या लीगमध्ये खेळता येईना, इंटर मिलान क्लब सुटला, आणि तोच माणूस जानेवारी २०२२ मध्ये इंग्लंडच्या ब्रेंटफर्डकडनं सही करून परत खेळला. हृदय तेच, यंत्र तेच, फक्त देश बदलला. म्हणून परदेशात क्लब किंवा स्पर्धा ठरवताना त्या देशाचा मेडिकल नियम आधी विचारायचा, तिकीट काढल्यावर नाही.

आपल्यासाठी काय, तर तीन प्रश्न घरात बसून विचारा. पळताना किंवा खेळताना कधी चक्कर येऊन पडलाय का? छातीत दुखतंय का, धडधड होते का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का (यात "झोपेतच गेला", "विहिरीत पोहताना गेला" असले जुने किस्सेपण धरा)? एकाचं जरी उत्तर हो आलं तर हृदयाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सराव बंद. बाकीच्यांनीपण एकदा ईसीजी आणि हिमोग्लोबिन करून घ्यावं, सिव्हिलला करता येतं, वेळ जातो फक्त. पोरींचं हिमोग्लोबिन तर बघाच, "हल्ली लवकर दमते" म्हणून कोच ओरडतो आणि खरं कारण रक्त कमी असणं निघतं.

तिसरं, तोंडात काय जातंय (हे नीट वाचा)

इथं सगळ्यात जास्त पोरं अडकतात आणि लबाडीमुळं अडकतात असं अजिबात नाही. वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, १९९९ ला सुरू झाली, तिची बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला नवीन लागू होते. आपल्याकडं तसलीच राष्ट्रीय संस्था नाडा, आणि २०२२ पासून त्याचा कायदापण आहे. मुख्य नियम असा की अंगात सापडलं तर जबाबदार खेळाडू. डॉक्टरनं दिलं, कोचनं दिलं, आईनं दिलं, हे शिक्षा कमी करायला कधी उपयोगी पडेल, पण पदक राहील असं नाही.

दोन किस्से मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये रुमानियाची आंद्रेआ रादुकान, १६ वर्षांची जिम्नॅस्ट, सर्दी झाली म्हणून टीमच्याच डॉक्टरनं गोळी दिली, त्यात तेव्हा बंदी असलेलं सुडोइफेड्रिन होतं, ऑलराउंडचं गोल्ड गेलं. दुसरा २००२ चा, ब्रिटनचा स्कीपटू ॲलन बॅक्स्टर, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला ब्राँझ जिंकलं, नाक चोंदलं म्हणून तिथल्या दुकानातनं व्हिक्सचा इनहेलर घेतला, घरी ब्रिटनमध्ये तोच वापरायचा, पण अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये वेगळा घटक होता. मेडल परत. नाव तेच, डबी तशीच, आतलं औषध देशाप्रमाणं वेगळं, म्हणून परदेशात आपल्या ओळखीचा ब्रँड दिसला म्हणून आनंदाने उचलायचं नाही.

आणि लांब कशाला जाताय, आपला पृथ्वी शॉ, २०१९ मध्ये बीसीसीआयनं ८ महिने बसवला, टर्ब्युटालीन सापडलं म्हणून. ते आपल्याकडं खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असतंय, जे आपण चिठ्ठीशिवाय मेडिकलमधनं आणतो आणि झाकणानं मोजून पितो.

आता सोलापुरी घरातले खास धोके सांगतो.

सलाईन. अशक्तपणा आला की "एक बाटली लावा डॉक्टर" ही आपली सवय. नियम असा की १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेतनं देणं बंद, स्पर्धा असो नसो. सूट फक्त हॉस्पिटलमधले खरे उपचार, ऑपरेशन आणि निदानाच्या तपासण्या यांना. साधी बाटलीच ५०० मिलीची असते. आमच्या एका पोराला स्पर्धेच्या आदल्या रात्री जुलाब लागले, घाबरून जवळच्या दवाखान्यात नेलं, मी पोचेपर्यंत अर्धी बाटली गेलेली. टेस्टिंग झालं नाही म्हणून निभावलं. खरंच गरज असेल तर लावाच, जीव आधी, पण हॉस्पिटलमध्ये लावा आणि कशासाठी किती दिलं त्याचे कागद त्याच दिवशी घ्या.

इंजेक्शन. दुखतंय, ताप आहे, "दोन सुया मारल्या की उद्या पळतो बघ." त्या सुईत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, डेक्सामेथासोन वगैरे. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉईडचं कुठलंपण इंजेक्शन बंद आहे, मग ते कमरेवर द्या नायतर गुडघ्यात. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो, पण औषध अंगात त्याच्या किती आधीपासनं असतं ते बघा, वाडाच्या तक्त्यात स्नायूत दिलेल्या डेक्सामेथासोनला ५ दिवस आणि ट्रायॲमसिनोलोनला तब्बल ६० दिवस सोडायला सांगितलेत. म्हणजे दिवाळीत घेतलेली सुई संक्रांतीच्या आधी नडू शकते. सुई मारायच्या आधी नाव विचारा, डॉक्टरला राग आला तर येऊ द्या.

ट्रॅमाडॉल, दुखण्यावरची जोरदार गोळी, १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद. जुनं पाकीट घरात पडलं असेल तर बाजूला काढा.

पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी. तालमीत वजन उतरवायला कुणीतरी "भाऊ" देतोच. कायम बंदी. शिवाय जिवावरचा खेळ आहे, अमेरिकेत १९९७ मध्ये महिनाभरात तीन कॉलेजचे पैलवान वजन उतरवता उतरवता गेले, तेव्हा तिथले वजनाचे नियम बदलले. पैलवान विनेश फोगाट पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये १०० ग्रॅमसाठी बाहेर पडली ते सगळ्यांनी बघितलं, रात्रभर घाम गाळूनपण उतरलं नाही. गट वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचा असतो, आदल्या रात्री नाही.

आणि थंडाई. बदाम, बडीशेप, सगळं ठीक, पण खसखस. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो आणि मॉर्फिनला स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे, म्हणून मोठ्या स्पर्धेआधी आठवडाभर थंडाई आणि डिंकाचे लाडू दोन्ही बंद ठेवतो मी. आज्ज्या रागावतात. रागावू देत. भांग घातलेली थंडाई तर विषयच नको.

पावडरचे डबे आणि "शंभर टक्के आयुर्वेदिक ताकदीचं" चूर्ण, यात काय मिसळलंय ते डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. मला विचाराल तर १८ च्या आतल्या पोराला डबा लागतच नाही, दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ-भाकरी पुरते. घ्यायचाच असेल तर इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखा शिक्का असलेला, म्हणजे बॅच तपासलेला घ्या आणि पावती ठेवा.

औषध तपासायचं कसं? भारतात घेतलेलं असेल तर नाडाचं 'नो युवर मेडिसिन' ॲप, मूळ नाव टाकून शोधा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, स्वित्झर्लंड इथं घेतलेलं असेल तर ग्लोबल डीआरओ ही साईट, तिथं औषध कुठल्या देशात घेतलं ते निवडायला लागतं, तो प्रश्न का आहे ते बॅक्स्टरला विचारा. उत्तर आलेल्या पानाचा स्क्रीनशॉट फाईलमध्ये.

खरोखर आजार असेल, म्हणजे मधुमेहाला इन्सुलिन किंवा दम्याला मोठं औषध, तर टीयूई नावाची परवानगी मिळते, घाबरायचं कारण नाही. राष्ट्रीय पातळीवरच्यांनी नाडाकडं, आंतरराष्ट्रीयवाल्यांनी आपल्या खेळाच्या जागतिक संघटनेकडं, साधारण स्पर्धेच्या ३० दिवस आधी. नुसती चिठ्ठी जोडून चालत नाही, दम्याला फुंकायची टेस्ट, शुगरचे रिपोर्ट असं सगळं लागतं. साल्ब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि त्यातपण कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मात्र बंद, इथं लई जण फसतात.

पोरींच्या बाबतीत एक, पाळी पुढं ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी आपल्याकडं जत्रेला, पूजेला सर्रास घेतात. तिला बंदी नाही, पण लघवीत तिचे अंश नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉईडसारखे दिसू शकतात, म्हणून टेस्टच्या फॉर्मवर ती न लाजता लिहायची. आणि पोरगी अल्पवयीन असेल तर टेस्टच्या वेळी सोबत मोठं माणूस मागायचा तिला हक्क आहे, शक्यतो बाई मॅनेजर पाठवा.

चौथं, बॉर्डर

डोपिंगमध्ये चालणारं औषध विमानतळावर चालेलच असं नाही, ही दोन वेगळी खाती आहेत. दुबईला, म्हणजे यूएईला कोडीन, ट्रॅमाडॉल असलेली औषधं परवानगीशिवाय नेऊ नका, तिथल्या सरकारची ऑनलाईन परवानगी आधी घ्यायची. आणि हो, परत खसखस! तिथं खसखस नेणं गुन्हा आहे, लाडवाचा डबा भरताना आईला सांगा. जपानमध्ये सुडोइफेड्रिन जास्त असलेली सर्दीची औषधं चालत नाहीत आणि चिठ्ठीची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची तर आधी त्यांचा कागद काढायला लागतो.

केनिया-इथिओपियाला पळायला जाणारी पोरं आता वाढलीत. यलो फिव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात, पिवळं कार्ड पासपोर्टला पिनअप करा, नायतर परत येताना आपल्याच विमानतळावर ६ दिवस अडकवून ठेवतेत.

पाचवं, बिल कोण भरणार

ऑलिम्पिक, एशियाडसारख्या मोठ्या स्पर्धेत खेळाडूंच्या क्रीडाग्रामातच पॉलीक्लिनिक, म्हणजे दवाखाना असतो, तिथं खेळाडूला पैसे पडत नाहीत. पण आपली पोरं आधी जातात ती छोट्या निमंत्रित स्पर्धांना, तिथं मैदानावर एक प्रथमोपचाराची पेटी आणि एक अँब्युलन्स, पुढचं तुमचं तुम्ही. इंग्लंडमध्ये सरकारी इमर्जन्सीत बघतात फुकट, पण भरती करून घेतलं की बाहेरच्या माणसाला बिल. अमेरिकेत अँब्युलन्सचंच बिल असं येतं की बाप हॉटगी रोडचा प्लॉट विकायला काढेल. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा सक्तीचाच आहे.

पण विमा घेताना एजंटला एकच प्रश्न विचारा, "स्पर्धेत खेळताना झालेली दुखापत यात धरताय का?" साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बऱ्याचदा स्पर्धात्मक खेळ वगळलेला असतो, बारीक अक्षरात. हो म्हणाला तर ते ओळीसकट दाखव म्हणा, मेलवर घ्या. आमच्याकडच्या एका बापानं तोंडी "सगळं कव्हर हाय" ऐकून घेतलं आणि मनगटाच्या प्लास्टरचे पैसे स्वतः भरले. इथं घरी मोठं ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

इमर्जन्सीचे नंबर फाईलच्या पहिल्या पानावर: आपला १०८, युरोपात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, जपानमध्ये ११९, यूएईत अँब्युलन्सला ९९८, ऑस्ट्रेलियात तीन शून्य.

सहावं, मैदानावर

"आम्ही सोलापूरची, आम्हाला उन्हाचं काय" हे वाक्य बंद करा. आपलं ऊन कोरडं, घाम वाळतो. दमट गावात घाम वाळतच नाही. २०१९ ला दोहामध्ये बायकांची मॅरेथॉन रात्री बाराच्या ठोक्याला ठेवली होती तरी ६८ पैकी २८ जणींनी अर्ध्यात सोडली, त्या जगातल्या भारी रनर होत्या. नव्या हवेला अंग सरावायला १० ते १४ दिवस लागतात, आदल्या दिवशी पोचून रेकॉर्ड होत नसतंय. पळताना पोरगं बरळायला लागलं, तोल जायला लागला, अंग तापलं, तर आधी गार पाण्यात बसवा, टब नसेल तर बर्फाचे टॉवेल आणि पाण्याच्या बादल्या ओता, अँब्युलन्स बोलवा पण ती येईपर्यंत थांबू नका, आधी गार करायचं मग हलवायचं.

डोक्याला मार लागला, कबड्डीत लागतोच, आणि पोरगं "कुठल्या हाफमध्ये आहोत" विचारायला लागलं तर त्या दिवशी परत आत सोडायचं नाही, फायनल असली तरी. आंतरराष्ट्रीय नियम हाच आहे आणि अमेरिकेत तर शाळेच्या पोरांसाठी सगळ्या राज्यांत याचे कायदे आहेत, बहुतेक ठिकाणी डॉक्टरनं नायतर तसल्या वैद्यकीय माणसानं लेखी दिल्याशिवाय परत खेळवता येत नाही. आपल्याकडं कोच पाणी मारतो आणि "उठ बे" म्हणतो. मीपण म्हणलोय पूर्वी, लाज वाटते आता.

परत आल्यावर

घरी आलं की मेडल घेऊन मिरवणूक, सिद्धेश्वराचं दर्शन, सगळं करा. पण त्याच आठवड्यात बसून फाईलमध्ये लिहा, तारीख, गाव, काय झालं, कुणी बघितलं, कुठलं औषध किती दिवस. रिकामं पाकीट टाकू नका, चिकटवून ठेवा. दुखापत असेल तर दोन आठवड्यांत नीट दाखवा, फिजिओचे व्यायाम अर्ध्यात सोडू नका, दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतंय. पुण्याला मोठ्या डॉक्टरकडं जायची वेळ आली तर हीच फाईल घेऊन हुतात्मा एक्सप्रेस पकडा, तिथं पहिला प्रश्न "आधी काय केलं होतं" हाच असतो.

आणि फाईल कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवू नका, पोराच्या किटबॅगेतच राहू द्या, बुटांच्या वरच्या कप्प्यात.